तांदळाच्या डब्यातले पत्ते

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हापासून ही वही कोरीच होती. हॉस्पिटलचे दिवस संपले तसं लिहिण्यासारखंही काही उरलं नाही असं वाटलं होतं. आज पुन्हा उघडली, कारण कोणाशी तरी बोलायला हवं आहे. नवऱ्याशी, मोहनशी, बोलून उपयोग नाही, तो काळजीचीही टक्केवारी काढतो. आणि सफूराशी बोलता येत नाही. म्हणजे सफूराशी सगळं बोलता येतं, हे एक सोडून.

परवा, शनिवारी, गौरीचा खेळ आहे. सायप्रसच्या एका हॉटेलात आठ जण एका टेबलाभोवती बसून पोकर खेळणार आणि जगात ज्याला हवं त्याला ते फोनवर बघता येणार. स्पर्धा नाही, करंडक नाही. ज्याचे त्याचे पैसे समोर आणि ज्याला वाटेल तेव्हा त्याने उठायचं. गौरी म्हणते, स्पर्धेपेक्षा हे अवघड, कारण उठायचं कधी ते आपणच ठरवायचं असतं.

माझी लेक बत्तीस वर्षांची आहे. लंडनला विमा कंपनीत चांगली नोकरी होती. सहा वर्षांपूर्वी ती सोडून तिने पत्ते हेच काम केलं. मला हे लिहायलाही अजून जड जातं. दोष माझाच आहे. दर दिवाळीला फराळानंतर बदाम सात आणि मेंढीकोटचा डाव मीच मांडायचे, तिला मांडीवर घेऊन पानं लावायला शिकवायचे.

तेव्हा सफूराने विचारलं होतं, गौरी हल्ली काय करते. मी म्हटलं, "डेटाचं काम आहे काहीतरी." ती "बरं" म्हणाली. पुन्हा कधी विचारलं नाही.

सफूरा मूळची रत्नागिरीजवळच्या कर्ल्याची. खालच्या मजल्यावर राहते. गौरी तिला खाला म्हणते, म्हणजे मावशी. आम्ही रियाधला आलो त्या वर्षापासून, म्हणजे एकोणतीस वर्षं, माझ्या बारा-बारा तासांच्या ड्युटीत गौरी तिच्याच घरी, तिच्या मुलाबरोबर, हम्मादबरोबर वाढली. पाच वेळा नमाज पढणारी बाई. व्याज नको म्हणून नवऱ्याला, कादिरभाईंना, बँकेतली ठेव मोडायला लावलेली. तिला मी कसं सांगणार, तू वाढवलेली पोरगी जुगारावर जगते? मोहन म्हणतो, सांगायची गरजच काय, मार्चमध्ये आपलं फायनल एक्झिट आहे, कायमचे बेळगावला परत जाऊ. तेच तर. चार महिने उरले आहेत. तेवढे मला सफूराशिवाय काढायचे नाहीत.

बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस आम्हाला रोज तीन ओळी लिहायला लावायच्या. आज काय केलं, काय करायला नको होतं, कशासाठी आभार. त्या म्हणायच्या, खोटं दोन तऱ्हेचं असतं, एक बोलून केलेलं आणि एक गप्प राहून, आणि दुसरं जास्त दिवस टिकतं. माझ्या दुसऱ्या ओळीत सहा वर्षं तेच आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

संपलं. देवा, संपलं.

दुपारी दीडपासून टीव्हीसमोर बसले होते. मोहन "मला काम आहे" म्हणून आतल्या खोलीत गेला आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायला बाहेर येत राहिला. एवढं पाणी त्याने उन्हाळ्यातही प्यायलं नसेल.

टेबलात पानं वाचणारं काही यंत्र असतं. त्यामुळे कोणाच्या हातात काय आहे ते बघणाऱ्याला दिसतं, खेळणाऱ्यांना मात्र एकमेकांचं दिसत नाही. लेकीच्या हातात काही नाही हे आपल्याला दिसावं आणि तरी ती शांत बसलेली असावी, याहून मोठी शिक्षा आईला नाही. आयसीयूच्या रात्री सोप्या होत्या, तिथे निदान हात हलवता यायचे.

शेवटच्या डावात ती आणि रणजित दोघेच उरले. रणजित तिचा मित्र, कोल्हापूरचा, तोही लंडनलाच असतो. त्याच्याकडे दोन बादशहा. गौरीकडे एक सत्ती आणि एक तिर्री, म्हणजे काहीच नाही. आणि तिने समोरचं सगळं पुढे ढकललं. रणजित कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसला. ती त्याच्या खांद्याकडे बघत होती. मग तळहाताच्या कडेने टेबलावरची हिरवी बनात झाडली, जणू तिथे पावाचे कण पडले होते. टेबल स्वच्छ होतं. ती सवय ना माझी, ना मोहनची. कुठे पाहिली आहे तेही आठवेना.

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. गौरीचा निरोप होता: "झालं आई. बरोबरीच्या जरा वरच उठले. गाल दुखतायत. झोपते."

पडद्यावर ती अजून बसलेलीच होती. मला काही कळेना. मोहनने समजावलं, कोणी बाहेरून इशारे करू नये म्हणून हे तासभर उशिरा दाखवतात. म्हणजे मी ज्या पानासाठी देव पाण्यात ठेवले होते ते पान केव्हाच पडून गेलं होतं. मग पडद्यावरच्या रणजितनेही पानं खाली टाकून डाव सोडला, आणि मला हसावं की रडावं ते समजेना.

टीव्ही बंद करते तोच सफूराचा फोन.

"काय गो, जेवलीस काय?"

"आत्ता साडेसात वाजलेत, सफूरा."

"तरी पण. दुपारपासून काय खाल्लं नसशील. दूध पी नि पड जरा. आता काळजी कसली."

तिला माझा चेहरा फोनवरही दिसतो की काय कोण जाणे.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी आठला दारात कादिरभाई, हातात डबा. सफूराने सांदणं पाठवली होती. तांदळाची, नारळाच्या दुधातली, लुसलुशीत. ईद नाही, काही नाही. कादिरभाई म्हणाले, "रात्रीच तांदूळ वाटायला बसली. म्हणाली, गोड करायचं हाय. मी कारण विचारत नाय, खातो."

डबा द्यायला खाली गेले. एसीच्या गारव्यात सफूरा तीच जुनी विटकी शाल गुंडाळून बसलेली. गौरीने दोन वर्षांपूर्वी लंडनहून चांगली लोकरी शाल पाठवली होती, ती मी हिच्या अंगावर एकदाही पाहिली नाही. विचारलं तर म्हणाली, "ठेवली हाय नीट." कोकणातल्या बायका चांगली वस्तू जपून ठेवतात, माझी आजीही तशीच होती. मागे आलेलं अत्तर, तो काचेचा डिनर सेट, सगळं हिच्या कपाटात असणार. एखाद्या नातीच्या लग्नात काढेल.

"पोरगीला झोप लागते काय नीट?" तिने विचारलं.

"लागते की. का?"

"असंच. डोक्याचं काम हाय तिचं." आणि ती मेजावरचे कण हाताने झाडत राहिली. मेज नुकतंच पुसलेलं होतं. या बाईला स्वच्छतेचं वेड आहे.

तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले की मला गौरीचं लहानपण आठवतं. मी ड्युटीवरून यायचे, हिरव्या गणवेशातच खाली धावायचे, आणि गौरी पळत येऊन माझ्या तोंडाला हात लावायची. त्या बोटांना तांदळाचा वास असायचा, नखांत पांढरी पूड. मला बरं वाटायचं, सफूरा पोरीला भाकऱ्या शिकवते आहे. एवढं शिकून मुलीला आज एक भाकरी येत नाही, हे नवल आहे.

गौरीचा फोन आला. गुरुवारी ती आणि रणजित इकडे येत आहेत, चार-पाच दिवस निवांत राहायला. आनंदाने उडी मारावीशी वाटली. आणि लगेच आठवलं, शुक्रवारी सफूरा जेवायला येते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गौरीला फोनवर पढवलं. सायप्रसला कॉन्फरन्स होती. रणजित ऑफिसातला. पत्ते हा शब्दच काढायचा नाही. या देशात जुगाराला बंदी आहे, ती गोष्ट वेगळी. मी खालच्या मजल्याबद्दल बोलते आहे.

"आई, मी खालाशी खोटं बोलू?"

"तू लोकांना फसवून पोट भरतेस आणि एवढं जमणार नाही?"

जरा लागेल असं बोलले. ती म्हणाली, "ते वेगळं असतं गं. तिथे सगळ्यांना माहीत असतं की समोरचा लपवतोय."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या सोफ्यावर आडवी झाली, बूट न काढता. मी तिचे बूट काढले.

रणजित उंच, दाढीवाला, वाकून पाया पडला. पडद्यावर तो मला दगडासारखा वाटला होता. इथे आल्यावर त्याने तासाभरात पाव किलो लसूण सोलला, कोणी न सांगता. म्हणाला, "काकू, हाताला काम द्या. आठवडाभर नुसते पोकरच्या चकत्यांशी चाळे करत होतो."

गाल दुखतात म्हणजे काय ते आज कळलं. सहा तास चेहरा हलू द्यायचा नाही, तर स्नायू आखडतात. मी खोबरेल तेल कोमट करून गौरीचा चेहरा चोळून दिला, जबड्याच्या कडेने, कानामागून, पेशंटना करायचे तसा. ती डोळे मिटून पडली होती.

"आई, सगळ्यात छान काय आहे सांगू? इथे माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाहीये."

"मी बघतेय की."

"तू वेगळं शोधतेस. जेवले की नाही ते."

संध्याकाळी मोहन ओलायाच्या ऑफिसातून मेट्रोने आला. आल्यावर दोघांसमोर बसून अगदी सहज म्हणाला, "तो चौथ्या तासाचा डाव. तू थांबायला हवं होतंस." म्हणजे याने आतल्या खोलीत सगळं बघितलं होतं. मग तिघांनी शेंगदाणे मांडून तो डाव पुन्हा खेळला. मला फारसं कळलं नाही, पण ऐकायला गोड वाटलं. सामना संपल्यावर पोरं गल्लीत बसून बोलतात तसं.

रणजित म्हणाला, "काकू, तुमची मुलगी नागीण आहे. माझ्याकडे दोन बादशहा होते. सात मिनिटं तिचं तोंड वाचत बसलो. कोरा कागद."

"मग टाकलीस का पानं?" मी विचारलं.

"भीती वाटली." तो हसला. "आणि खरं सांगू? टाकली तेव्हा इतकं हलकं वाटलं. हरलो तरी घरी जायचं आहे, हे एकदम आठवलं."

गौरी छताकडे बघत म्हणाली, "मला पण तसंच वाटलं. तू पानं टाकलीस तेव्हा जिंकल्याचा आनंद नाही झाला. आता तोंड हलवता येईल, एवढंच वाटलं."

मग तिने विचारलं, "खाला उद्या येणार ना?"

मी म्हटलं, येणार. तिघांकडून पुन्हा सगळं घोकून घेतलं. कॉन्फरन्स. ऑफिस. डेटा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हे सगळं नीट लिहायचं आहे.

जुम्म्याच्या नमाजानंतर कादिरभाई झोपायला गेले आणि सफूरा एकटीच वर आली, हमूर माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. गौरीला तिने दारातच धरलं, कपाळाचा मुका घेतला, दोन्ही गाल हातांत घेऊन चेपून बघितले. "बाय माझी. हाडं वर आलीत."

पानं वाढली. सफूराने रणजितला विचारलं, "तू पण तिच्याच कामात?"

"हो खाला. डेटा."

"म्हणजे काय करता?"

"माहिती गोळा करायची."

"कसली?"

रणजितने गौरीकडे बघितलं. "लोकांची."

"नि मग?"

"मग ठरवायचं."

"काय ठरवायचं?"

"थांबायचं, की पुढे जायचं." त्याच्या कपाळावर घाम आला होता. ज्या माणसाने सात मिनिटं पापणी हलवली नव्हती तो भाकरीचा एकच तुकडा तीनदा कालवणात बुडवत होता.

"कॉन्फरन्स बरी झाली?"

"छान. म्हणजे गौरीचं शेवटचं भाषण चांगलं झालं. माझं जरा..."

"मीठ आणतो," म्हणून मोहन उठला. मीठ टेबलावरच होतं.

गौरी पानात बघत होती. मीच काहीतरी बोलायला तोंड उघडलं, हमूरचा भाव वगैरे. सफूराने हात पुसले. तळहाताच्या कडेने टेबलावरचे कण झाडले. कण नव्हते. मग रणजितच्या तोंडाकडे बघत अगदी शांतपणे म्हणाली,

"तुझ्याकडे दोन बादशहा होते. टाकलेस कशाला?"

रणजितच्या हातातला तुकडा कालवणातच राहिला.

"तिच्याकडे काय नव्हतं. एक सत्ती नि एक तिर्री. ही सहा वर्षांची असल्यापासून हातात नको ते पान आलं की शेजाऱ्याच्या खांद्याकडे बघते. एवढं कळत नाय तुला, नि एवढ्या लोकांपुढं खेळायला बसतोस."

रणजित म्हणाला, "खाला, तुम्ही हे मला आठवडाभर आधी सांगायला हवं होतं."

आणि गौरी हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. सहा तास, सहा वर्षं, जे काय असेल ते. सफूराने तिचं डोकं आपल्या पदराखाली ओढलं, आणि भाकरीच्या हाताने थोपटत म्हणाली, "गप. कालवण थंड होतंय."

मी स्वयंपाकघरात पळाले. सफूरा मागून आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली. हम्मादनं जेद्दाहून फोन लावून दाखवलं. अम्मी, ही बघ गौरी टीव्हीवर. मी बघितली नि मला बसायला जागा दिसेना."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू विचारलं असतंस, हिला पत्ते शिकवले कोणी."

मला कळलं नाही.

"मी शिकवले, विभा." तिचा आवाज खाली गेला. "तू ड्युटीवर जायचीस. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री. पोर दारापाशी बसून रडायची, आई कधी येणार, आई कधी येणार. सहा वाजेपर्यंत कसं रमवू तिला? मग हम्मादला नि तिला गुलामचोर शिकवला. कादिरला पत्ते चालायचे नाय घरात. म्हणून तांदळाच्या डब्यात लपवायची. रडायची थांबली ती. मला वाटलं, अल्ला माफ करेल, पोरांचा खेळ हाय. मग चार वर्षांमागं ते बघितलं नि वाटलं, तुझी पोर मी बिघडवली. तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाय."

तांदळाचा वास. नखांतली पांढरी पूड. भाकऱ्या नव्हत्या त्या.

"अगं, बदाम सात मी शिकवलं तिला," मी म्हटलं. "दर दिवाळीला. मला वाटत होतं, मीच."

"बदाम सातनं काय होतंय? त्यात तोंड लपवायला लागत नाय. गुलामचोरात लागतं."

"मेंढीकोटही शिकवला होता."

"मेंढीकोट काय, बायका खेळतात. माझाच दोष."

आम्ही दोघी ओट्याला टेकून, दोष कोणाचा यावर भांडलो. पहिल्यांदा हसू तिला फुटलं. मग मला. मोहन दारात येऊन मीठ आहे का विचारून गेला.

नंतर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "एक सांगते. मला ते पटत नाय. मरेपर्यंत पटायचं नाय. गौरीला पण तोंडावर सांगणार. पण तेवढ्यापायी पोर सोडायची होती, तर ती चार वर्षांमागंच सोडली असती."

आता हे लिहिताना मला टीव्हीवरचा तो तास आठवतो आहे. ज्या शुक्रवारची मला सहा वर्षं भीती वाटत होती तो केव्हाच होऊन गेला होता. सफूराला कळलं होतं, आणि त्यानंतरचे दोनशे शुक्रवार ती डबा घेऊन वर आली होती. मी मात्र उशिराचं चित्र बघत देव पाण्यात ठेवून बसले होते.

रविवार, १६ नोव्हेंबर

उद्या पोरं जातील. काल-आज दोन्ही दिवस सगळे खालीच होतो.

काल सफूराने गौरीला कपाट उघडून दाखवलं. शाल, अत्तर, डिनर सेट, गेल्या वर्षीचं घड्याळ. सगळं मूळच्या कागदात, वरती पेन्सिलीने तारखा.

"वापरलं नाय," ती म्हणाली. "टाकलं पण नाय. तू घेऊन जा म्हणत नाय. असू दे इथं. पण पुढं काय आणू नको."

गौरीचा चेहरा उतरला. "मग मी येताना काय आणू, खाला?"

"हात आण."

आणि तिला ओट्यापाशी उभी केली. तांदूळ सफूराचे, नारळ सफूराचे, गूळ सफूराचा. गौरीने फक्त वाटायचं, ढवळायचं, वाट्यांत ओतायचं. रात्रभर पीठ फुगायला ठेवलं. आज सकाळी सांदणं उकडली. काही बसकी झाली, एक वाटीला चिकटली. रणजित म्हणाला, "ही सांदणं समोरच्याला घाबरवायला बरी आहेत." सफूराने त्याच्या हातावर चमचा मारला. मग एक सांदण घेतलं, बिस्मिल्ला म्हणाली आणि पूर्ण खाल्लं, कडेचं चिकटलेलंसुद्धा. गौरी तिच्या तोंडाकडे बघत होती. शनिवारच्या खेळात ती इतकी घाबरलेली दिसली नव्हती.

"गूळ कमी पडला," सफूरा म्हणाली. "पुढच्या खेपेला बघू."

मार्चनंतर पुढची खेप कुठली, हे कोणी विचारलं नाही. माझ्या मनात आलं होतं. पण तिने म्हटलं ना, पुढच्या खेपेला. मग असेल. रत्नागिरी काही बेळगावपासून लांब नाही.

तांदूळ काढायला काल गौरीने डब्यात हात घातला तेव्हा तळाशी काहीतरी लागलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत पत्त्यांचा जोड. सफूरा म्हणाली, चार वर्षं हात लावला नाही, टाकवला पण नाही. गौरीने मोजले. एकोणपन्नास. तीन गुलाम काढलेले, एकच ठेवलेला, आणि त्याचा कोपरा हम्मादने लहानपणी चावलेला.

आज दुपारी कादिरभाई मशिदीत गेल्यावर आम्ही चौघं गुलामचोर खेळायला बसलो. सारख्या पानांच्या जोड्या टाकत जायच्या, शेवटी एकटा गुलाम ज्याच्या हातात राहील तो चोर. पैसा नाही, शर्यत नाही. सफूरा आधी नको म्हणाली, मग म्हणाली, एक डाव, पोरांबरोबर. आधी रणजित सुटला, मग गौरी. दोघेही रोज पत्त्यांवर जगणारे, आणि सुटल्यावर लहान मुलांसारखे टाळ्या पिटत होते. उरलो आम्ही दोघी. माझ्या हातात एक दश्शी. तिच्या हातात दोन पानं, एक दश्शी आणि एक गुलाम. ओढायची पाळी माझी.

सफूरा माझ्या खांद्याकडे बघत होती. एका पानाच्या कोपऱ्यावर तिने अंगठा घट्ट दाबून धरला होता. चावलेला कोपरा झाकायला माणूस जेवढा दाबेल तेवढा.

मी तेच पान ओढलं.

मग तिने माझ्या हातातून दश्शी अलगद काढून घेतली. मला तोंड लपवायला कधीच जमलं नाही. "चोर," गौरी ओरडली, "आई चोर." रणजितने टेबलावर ताल धरला. मी गुलाम सगळ्यांना दाखवला आणि हात वर केले.

सफूरा टेबलावरचे कण झाडत होती.